पूजेला बसवलेलं यंत्र

मिरजेच्या अनुबंध स्मृतिकेंद्रात खंडेनवमीला सर्व्हरची पूजा करावी की नाही, यावर दरवर्षी वाद व्हायचा आणि दरवर्षी पूजा व्हायची. वाद घालणारेच प्रसादाला पुढे असत. उदबत्ती आणि कापूर यांना बंदी होती, कारण जरा धूर दिसला की छतातले सेन्सर बोंब ठोकत. नारळ बाहेर पायरीवर फुटायचा. हळदकुंकू लागायचं ते यंत्रांना नव्हे, त्यांच्या खोलीच्या काचेच्या दाराला, आणि झेंडूची माळ दाराच्या मुठीला. विज्ञानाचंही समाधान आणि देवाचंही.

त्या वर्षी संयोगिता मगदूम वडिलांना पूजेला घेऊन आली होती. केंद्राचा डेटाबेस सांभाळणं हे तिचं काम, आणि त्याच डेटाबेसच्या जोरावर तिचे वडील सकाळी उठून स्वतःचं नाव सांगू शकत होते. धनपाल मगदूम त्यांचं नाव. सगळे अण्णा म्हणत. माधवनगरच्या एका कारखान्यात त्यांचा जन्म लेथवर गेला होता. अजूनही यंत्र दिसलं की हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे जाई, पुसायला.

“ही दोन कशाला?” काचेतून आत बघत अण्णांनी विचारलं.

“एक काम करतं, अण्णा. दुसरं त्याच्यावर लक्ष ठेवतं. पहिल्यानं लिहिलेलं प्रत्येक अक्षर स्वतःपाशी उतरवून घेतं, तपासतं, चुकलं की ओरडतं.”

“म्हणजे फोरमन,” अण्णा म्हणाले. “मग फोरमनला तरी बसव की आज पूजेला. आमच्यात खंडेनवमीला एक लेथ फिरत न्हवता. मालक सोता आला तरी न्हाई. आणि बसवलेलं हत्यार दसऱ्याला सोनं वाटल्याबिगर उचलायचं न्हाई.”

देखभालीसाठी दुसरं यंत्र दिवसभर बंद ठेवायची नियमात सोय होती आणि देखभाल बरेच दिवस लांबलीही होती. संयोगिताने केंद्राच्या प्रमुखांकडे, डॉक्टर मुजावरांकडे पाहिलं. ते हसले. “माझ्या वडिलांच्या गॅरेजात या दिवशी साधा पाना उचलत नव्हते. ठेवा बंद. एका दिवसानं काय होतंय?”

तिने यंत्र बंद केलं. अण्णांनी रुमालाने त्याची पुढची पट्टी पुसली, वर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. तीन वर्षांपूर्वी याच माणसाला स्वतःच्या घराची गल्ली सापडत नव्हती. आज तो यंत्रांना सुट्टी देत होता. संयोगिताला त्या क्षणी इतका आनंद झाला की तिने दुसऱ्यांदा प्रसाद घेतला.

हे सगळं चालत कसं होतं, ते थोडक्यात सांगायला हवं.

आठवण डोक्यात एका ठिकाणी नसते. एखाद्या चहाची आठवण घ्या. वास एकीकडे, कपाचा चटका दुसरीकडे, समोर बसलेल्याचा चेहरा तिसरीकडे. मेंदूतला एक लहानसा भाग या सगळ्यांचे पत्ते सांभाळून असतो. त्याच्याकडून पत्ता मिळाला की विखुरलेलं सगळं एकदम जागं होतं आणि आपण म्हणतो, आठवलं. विसरण्याच्या आजारात आधी झिजतो तो हा पत्ते सांभाळणारा भाग. आठवणी बऱ्याच काळपर्यंत जागच्या जागी असतात, पण त्यांच्याकडे जायचं कसं ते कळत नाही. अनुबंधने एवढंच केलं होतं: हे पत्ते डोक्याबाहेर काढून डेटाबेसमध्ये ठेवले होते. कानामागे कातडीखाली बसवलेली चिप डोळ्यांना काय दिसतंय, कानांना काय ऐकू येतंय ते सर्व्हरला कळवायची, सर्व्हर पत्ता पाठवायचा, चिप त्या पेशींना हलकासा धक्का द्यायची. पापणी लवायच्या आत काम व्हायचं.

यात एकच भानगड होती. मेंदू म्हणजे लोखंडी कपाट नव्हे. आठवण काढली की ती पुन्हा ठेवली जाते, आणि पुन्हा ठेवताना किंचित सरकते. म्हणून माणूस झोपला की चिप दिवसभरात काय सरकलं त्याचा हिशेब पाठवी आणि डेटाबेसमधले पत्ते बदलले जात. संपूर्ण प्रत काढणं भलतंच अवजड काम, ते महिन्यातून एकदा व्हायचं. मधल्या दिवसांचे सगळे बदल एका लॉगमध्ये उतरत. प्रत आणि लॉग, दोन्ही हाताशी असले की काही बुडत नाही, असं संयोगिता नव्या लोकांना शिकवीत असे.

खंडेनवमीच्या संध्याकाळी पहिल्या यंत्राचा डिस्कवर लिहिणारा भाग बिघडला. बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो चालूच राहिला. बरोबर गोष्टी चुकीच्या जागी लिहीत राहिला: याचा पत्ता त्याच्या पानावर, अर्धा इथे, अर्धा तिथे, लॉगवरसुद्धा. ओरडणारा फोरमन डोक्यावर फूल घेऊन पूजेला बसला होता.

दसऱ्याला सकाळी केंद्रात आपट्याची पानं वाटली गेली. संयोगिताने यंत्रावरचं फूल उचललं, डोळ्यांना लावलं आणि बटण दाबलं. दुसरं यंत्र जागं झालं आणि मागे पडलेलं काम पहिल्याकडून इमानेइतबारे उतरवून घेऊ लागलं; तपासणी ते उतरवून झाल्यावर सुरू व्हायची. तेवढ्यात फोन वाजला. कुणाची तरी मामी सकाळपासून गॅस कसा पेटवायचा ते विचारत होती. तो फोन ठेवते तोवर दुसरा, मग तिसरा. चौथा फोन घरून होता. अण्णांना सोबत करणाऱ्या कलाताई सांगत होत्या की अण्णा एक बूट हातात धरून तासभर उंबऱ्यात बसलेत आणि तो कशाचा आहे ते त्यांना सांगता येत नाही.

संयोगिता खुर्चीवरून उठून धावत यंत्रांच्या खोलीकडे गेली. दुसऱ्या यंत्राचं काम संपलं होतं. आदल्या दुपारपर्यंतचं जे स्वच्छ, बिनचूक लिखाण त्याच्यापाशी होतं, त्यावर त्याने पहिल्याचा सगळा गोंधळ जसाच्या तसा गिरवून ठेवला होता. फूल तसंच राहू दिलं असतं, आणखी अर्धा तास, तर सगळं वाचलं असतं. हे कळलं तेव्हा ती खाली फरशीवर बसली.

डेटाबेस बंद करावा लागला. चुकीचे पत्ते देण्यापेक्षा काहीच न दिलेलं बरं. केंद्राचे सगळे पेशंट वॉर्डात आणले गेले. खाटा कमी पडल्या, व्हरांड्यात गाद्या घातल्या. ती माणसं धुक्यात चालावं तशी हळूहळू, भिंतींना हात लावत चालत होती. अण्णा खिडकीजवळच्या खाटेवर बसले होते. आता ते कुणाचीच वाट बघत नव्हते, कारण वाट बघायला कुणीतरी आठवावं लागतं.

संयोगिता कामाला लागली. मोडलेल्या डेटाबेसला हात लावायचा नाही, आधी त्याची जशीच्या तशी नक्कल काढायची आणि नकलेवर काम करायचं, हा पहिला नियम. तिने तो पाळला. मग पानामागून पान तपासायला घेतलं. प्रत्येक पानाच्या शेवटी एक खुणेचा आकडा असतो. पानावरचा मजकूर आणि आकडा जुळला तर पान शाबूत. पहिल्या दिवशी बरीच पानं जुळली आणि तिला आशा वाटू लागली. दुसऱ्या दिवशी ती लॉगकडे वळली. लॉग मधोमध फाटला होता. जिथून फाटला तिथून पुढे एकाही ओळीचा दुसरीशी मेळ नव्हता. दुरुस्तीचा प्रोग्राम दर वेळी तोच प्रश्न विचारत होता: न जुळणारं टाकून देऊ का? ती दर वेळी नाही म्हणत होती.

“किती दिवस?” मुजावरांनी विचारलं.

“लॉगचे तुकडे हातानं जुळवायला महिने लागतील. जुळतील असंही नाही सांगता येत.”

“मेंदू थांबणार नाही, संयोगिता. रोज झोपतात ही माणसं. रोज आत काहीतरी सरकतंय आणि आपण बघत नाही.”

“माहिती आहे, सर.”

“मग महिन्याची जुनी प्रत टाक. न जुळणारं जाऊ दे. उद्या सकाळपर्यंत.”

हे तिलाही कळत होतं, फक्त ते दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं. प्रोग्रामने पुन्हा विचारलं तेव्हा तिने हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात आवाज परत आला. आधी कुणीतरी खोकलं, मग कुणीतरी विचारलं की आज पेपर आला नाही का. मग सगळे एकदम बोलू लागले. नर्सेस रडत होत्या. विमलताई कोठावळे नावाच्या बाई आपल्या शाळेतल्या शिपायाचं नाव सांगत होत्या, त्याच्या सायकलच्या घंटीचा आवाज काढून दाखवत होत्या. अण्णा वॉर्डबॉयला समजावून सांगत होते की खाटेचं चाक करकरतंय ते तेलाने नाही, ग्रीसने थांबेल.

संयोगिता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. हसले, कुठल्याही भल्या माणसाकडे बघून हसावं तसं.

“बाई, जरा पाणी मिळंल का?”

तिने पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी ग्लास परत केला आणि म्हणाले, “लई उपकार झाले.”

दुपारी विमलताईंचे यजमान सदानंदराव तिच्या टेबलापाशी आले. भांडायला आले असावेत, पण उभ्या उभ्या त्यांचं अवसान गेलं. “मॅडम, लग्नात बुंदी पाडणाऱ्या आचाऱ्याचं नाव तिला आठवतंय. त्याच्या मिशा आठवतायत. आणि मला म्हणते, बसा, चहा घेणार का? चाळीस वर्षं झाली हो. रोज सकाळी माझंच तोंड बघते ती.”

शेवटचं वाक्य संयोगिताच्या डोक्यात अडकलं. रोज सकाळी. तिने स्क्रीनवर सगळ्या पेशंटच्या तक्रारी उघडल्या. कुणाला नवरा ओळखू येत नव्हता, कुणाला सून. एकाला त्याच्या घरातलं मांजर परकं वाटत होतं. देवळाचा पुजारी ओळखीचा होता, पण दारात रोज येणारा दूधवाला नव्हता. कुणाचीही तक्रार अशी नव्हती की लहानपणचा मित्र हरवला.

जुन्या प्रतीतले पत्ते जुने होते. ज्या आठवणींना महिन्याभरात कुणी हात लावला नव्हता, त्या जागच्या जागी होत्या आणि त्यांचे पत्ते बरोबर लागत होते. ज्या रोज काढल्या जात होत्या, त्या रोज थोड्या सरकत गेल्या होत्या आणि आता जुना पत्ता तिथे पोचत नव्हता. माणसाने ज्याला रोज पाहिलं, ज्याची रोज काळजी केली, ज्याच्यावर रोज खेकसला, नेमका तोच गेला होता. वाचलं होतं ते सगळं अडगळीतलं. तिला शिव्या द्याव्याशा वाटल्या, पण द्यायच्या कुणाला ते समजेना.

संध्याकाळी तिने आपल्या खोलीतून वॉर्डात फोन लावला. अण्णांची रात्रीची गोळी बदलायची होती, एवढंच काम होतं. फोन नर्सने उचलला, मागून अण्णांनी कुणाचा म्हणून विचारलं, आणि नर्सने बिचारीने चांगल्या मनाने फोन त्यांच्या हातात दिला.

“हॅलो,” संयोगिता म्हणाली.

“संयू? पुण्यास्नं बोलतीस व्हय? आज रविवार न्हाई न्हवं?”

संयोगिता खुर्चीतून उठून उभी राहिली.

“अगं बोल की. आवाज का असा? जेवलीस का?”

नोकरीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत ती पुण्यात होती आणि दर रविवारी फोन करायची. मग अण्णा विसरू लागले, ती बदली घेऊन घरी आली, एकाच घरात राहणाऱ्यांना फोनची गरज उरली नाही. फोनमधल्या त्या आवाजाला कित्येक वर्षांत कुणी हात लावला नव्हता. म्हणून तो शाबूत होता. अण्णांची मुलगी होती, पुण्यात, आणि ती फक्त फोनवर होती.

ती जिना उतरून वॉर्डात धावत गेली. “अण्णा, मीच बोलत होते. मी संयू.”

अण्णांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “बाई, तुमचा आवाज हाय खरा तिच्यासारखा,” ते म्हणाले. मग जरा संकोचून त्यांनी मान फिरवली.

मुजावरांनी तिला त्याचं कारण सांगितलं, जणू तिला ते माहीत नव्हतं. समोर माणूस असलं की मेंदू डोळ्यांचं आधी ऐकतो. डोळे म्हणाले, ही कुणी नाही, की कानांचं म्हणणं तो मोडीत काढतो. फोनवर डोळ्यांना मत नसतं, म्हणून तिथे कान जिंकतात.

“चेहऱ्याचा पत्ता मी शोधून काढू शकते,” ती म्हणाली. “तो फार लांब गेला नसेल. जुन्या जागेच्या आसपासच असेल. माझा फोटो त्यांना दाखवायचा आणि एकेक पत्ता लावून बघायचा. लागला की कळेलच.”

“आणि चुकीचा लागला तर?”

“तर पुढचा.”

 स्वतःच्या माणसाच्या नोंदींना स्वतः हात लावायचा नाही, असा केंद्राचा नियम होता, आणि नियम चांगला होता. पण मुजावरांनी हो म्हटलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून कुणीही हो म्हटलं असतं.

अण्णांना खुर्चीत बसवून समोर तिचा फोटो ठेवला. पहिल्या पत्त्याला ते म्हणाले, “गरम तेलाचा वास येतोय.” दुसऱ्याला खुदकन हसले, का ते त्यांना सांगता आलं नाही. तिसऱ्याला म्हणाले, “ही बाई कुठंतरी बघितलीय,” आणि शेजारच्या खोलीत संयोगिताने खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. ती त्या पत्त्याच्या शेजारचे पत्ते लावत गेली. एकाला अण्णांनी डोळे पुसले. एकाला ते म्हणाले, आई. मग एक पत्ता लागला आणि अण्णा खुर्ची मागे सारत उभे राहिले. त्यांच्या घशातून बारीक आवाज येत होता. कारखान्यात एकदा एका माणसाचा हात पट्ट्यात गेला होता, अण्णांच्या डोळ्यांदेखत. त्याबद्दल ते घरी कधी बोलत नसत. तिच्या फोटोकडे बघून त्यांना तेच दिसत होतं.

तिने ताबडतोब थांबवलं. पण चिप तिचं काम चोख करते. अण्णा झोपले आणि सकाळी हिशेब आला: या चेहऱ्याशी ही भीती. चुकीचा पत्ताही एकदा वापरला की पक्का होतो.

त्या दिवसापासून ती वॉर्डात शिरली की अण्णा भिंतीकडे सरकत. पाण्याचा ग्लास तिच्या हातून घेत नसत. पायाला मुंग्या आल्यात म्हणत आणि पाय पोटाशी घेत. कलाताई तिला म्हणाल्या, “ताई, थोडे दिवस तुम्ही नका येऊ,” आणि पदराने डोळे टिपत राहिल्या.

मुजावरांनी तिला बोलावून घेतलं. “एक उपाय आहे. तुलाही माहीत आहे.”

माहीत होता. चिपला सांगायचं की ही नवी व्यक्ती आहे. मग त्या चेहऱ्याची जुनी सगळी खाती बंद होतात, भीतीही आणि बाकीचंही, आणि पहिल्या भेटीपासून नवं सुरू होतं. पण एकदा नवी व्यक्ती म्हटलं की मागचं कधीच जोडता येत नाही. उद्या लॉग सापडला, एकेक तुकडा जुळला, तरी नाही.

“लॉगचं काम मी सोडलेलं नाही,” ती म्हणाली.

“जुळेल?”

तिने मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, ते मुजावरांना कळलं नाही आणि तिलाही नाही.

“तू थांब म्हणालीस तर आपण थांबू,” मुजावर म्हणाले. “पण तोवर ते तुला भिणार.”

तिने दोन दिवस घेतले. या दोन दिवसांत ती वॉर्डाच्या दाराआड उभी राहून अण्णांना बघत होती. ते जेवत होते, वॉर्डबॉयला लेथच्या गोष्टी सांगत होते, आणि बाहेर पावलं वाजली की एकदम गप्प होऊन दाराकडे बघत होते. तिच्या चपलांचा आवाज त्यांनी ओळखायला घेतला होता. नव्याने, आणि असा. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने बटण दाबलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर आयुष्यभर त्याच्यावर राग राहिला असता.

संध्याकाळी ती वॉर्डात गेली. अण्णा सरकले नाहीत.

“आपण?”

“मी इथली यंत्रं दुरुस्त करते.”

“अस्सं,” अण्णांचा चेहरा उजळला. “मग बसा की. आमच्याच पंक्तीतल्या तुम्ही.” त्यांनी खाटेवर तिच्यासाठी जागा केली. “मला सांगा, ते मशीन बंद पडलं त्यात नेमकं काय झालं? हितं कुणी धड सांगंना.”

तिने सांगितलं. तपासणारं यंत्र बंद होतं, म्हणून चूक कुणाला दिसली नाही.

“बंद कुणी केलं?”

“पूजेला बसवलं होतं.”

अण्णांनी जीभ चावली. “बघा म्हणजे. पूजा कराय पायजे, पण बघून कराय पायजे की. माझी पोरगी याच लायनीत हाय. पुण्याला असती. ती हितं असती तर असं झालं नसतं.” मग तिचा चेहरा बघून घाईने म्हणाले, “तुमाला न्हाई हं बोललो, बाई.”

दिवाळीच्या आधी अण्णांना घरी सोडलं. घर त्यांना ठाऊक होतं, अंगण ठाऊक होतं. बाईंची राहायची सोय केंद्राने आपल्याकडे का केली, असा प्रश्न त्यांना एकदा पडला. कलाताई म्हणाल्या, तुमच्या यंत्रावर लक्ष ठेवायला. हे त्यांना पटलं. ते कलाताईंना बाईंचं ताट आधी वाढायला लावत, बाई उशिरा आल्या तर फाटकाशी उभे राहत. संयोगिताला कधीकधी वाटे की हे पुष्कळ आहे. दुसऱ्या एखाद्या दिवशी ती न्हाणीघरात नळ सोडून रडे.

लॉगचे तुकडे ती अजून जुळवत होती, इतरांसाठी. सदानंदरावांनी नवी व्यक्ती म्हणायला नकार दिला होता. रोज संध्याकाळी ते पाहुण्यासारखे स्वतःच्या घरी चहा पीत बसत आणि लॉगचं काय झालं म्हणून तिला विचारत.

नरकचतुर्दशीला फराळ झाल्यावर अण्णा खिडकीशी जाऊन बसले. कलाताई सुट्टीवर गेल्या होत्या. संयोगिता स्वयंपाकघरात दुसऱ्या घाण्याच्या चकल्या तळत होती.

“बाई,” अण्णांनी हाक मारली, “आमच्या पोरीचा फोन न्हाई आला. दिवाळीला येतो म्हटली न्हाई, येत न्हाई म्हटली न्हाई.”

“येईल फोन.”

“कवा?”

तिने गॅस बारीक केला, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि पदरात फोन धरून नंबर फिरवला. बाहेरच्या खोलीत अण्णांचा फोन वाजला.

“संयू,” अण्णांचा आवाज दारातूनही आला आणि फोनमधूनही. “काय गं, दिवाळीला तरी?”

“सुट्टी नाही मिळाली, अण्णा.”

“नसूंदे. कामाचं बघावं लागतंय. आंघोळ केलीस का लौकर? तेल लावलंस?”

“लावलं.”

“मी बरा हाय. काळजी करू नको. हितं एक बाई हायत, केंद्राच्या. तुझ्याच कामातल्या. लई जपत्यात मला. तुझी आणि त्यांची गाठ घालायची हाय.” खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “थांब, आत्ताच देतो. बोल त्यांच्यासंग.”

“अण्णा, नको, राहू दे, नंतर—”

पावलं जवळ आली होती. तिने आपला फोन पिठाच्या डब्याआड सरकवला, चालूच. दार उघडलं. अण्णा फोन पुढे धरून उभे होते. इतके खूश ते कित्येक दिवसांत दिसले नव्हते.

“बाई, ही आमची पोरगी. बोला.”

तिने पीठ लागलेला हात पदराला पुसला आणि फोन कानाला लावला. समोर कढईत तेल तळतळत होतं. डब्याआडच्या फोनमधून तोच आवाज जरासा उशिरा तिच्या कानात येत होता. पलीकडे कुणी नव्हतं.

“नमस्कार ताई,” संयोगिता म्हणाली. अण्णा तिच्या तोंडाकडे बघत होते. “हो. बरे आहेत. जेवतात. हो, मी आहे इथे.” ती थोडा वेळ ऐकल्यासारखी उभी राहिली. मग तिने फोन बंद करून अण्णांच्या हातात दिला.

“काय म्हटली?”

“म्हणाली, अण्णांना सांभाळा.”

अण्णांनी मान डोलावली. त्यांचे डोळे भरले होते. “मी सांगितलंतं न्हवं तुमाला,” ते म्हणाले. “लई मायाळू हाय ती.” मग त्यांना कढईतला धूर दिसला. “चकली करपतीया, बाई.”

तिने गॅस बंद केला.